रोमन छतातला काळा दगड कुठून आला: एक प्रकरण, दोन घोळ

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मास्टर्सच्या काळातलं. पुण्यात जिऑलॉजी करून मी इटलीतल्या एका युनिव्हर्सिटीत गेलो होतो. लॅबचं, जागेचं, माणसांचं नाव सांगत नाही, कारण यातल्या बऱ्याच चुका माझ्या आहेत आणि बाकीच्यांना त्यात ओढायचं नाहीये.

रोमजवळ दुसऱ्या शतकातल्या एका स्नानगृहाचे अवशेष आहेत. त्याच्या कमानी छताचा एक लोंबता तुकडा पावसाळी हिवाळ्यात खाली पडला. डागडुजीचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि त्याचा प्रश्न साधा होता: छतात जो काळा, भोकाभोकांचा, हलका दगड आहे तो कुठला? तो जवळच्या डोंगरातला असेल तर दुरुस्तीसाठी तसलाच माल तिथून आणता येईल. पडलेल्या तुकड्यातलं ३४० ग्रॅमचं एक ढेकूळ परवानगी काढून आमच्या लॅबकडे आलं आणि नवा पोरगा म्हणून ते माझ्या टेबलावर आलं.

आपल्याकडे काँक्रीट म्हटलं की मिक्सरमधून ओतलेला माल डोळ्यासमोर येतो. रोमन लोक तसं ओतत नव्हते. चुना आणि ज्वालामुखीची राख कालवून माल करायचे आणि त्यात मुठीएवढे दगड थराथराने हाताने रचायचे. म्हणजे आपल्या गवंड्याच्या भाषेत चुन्याच्या मालात डबर. आपल्या गडकिल्ल्यांवर चुन्याचा घाणा दिसतो, आपल्याकडे चुन्यात विटेची भुकटी म्हणजे सुर्खी घालायचे, राखेचं काम साधारण तेच. चुना नुसता हवेने वाळत बसत नाही, राखेतल्या सिलिका-ॲल्युमिनाशी त्याची रिॲक्शन होऊन तो पाण्याखालीही घट्ट होतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने नेपल्सजवळच्या बाइयेच्या आसपासच्या या राखेबद्दल लिहून ठेवलंय, समुद्रातल्या बांधकामाला दोन भाग राख आणि एक भाग चुना असं प्रमाणसुद्धा दिलंय.

तर एकाच ढेकळात दोन वेगळे प्रश्न असतात. मालातली राख कुठली, आणि डबर कुठलं? राखेचं रोममधलं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, शहराच्या आग्नेयेला वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेला कोल्ली अल्बानी ज्वालामुखी, आणि त्यातही ४ लाख ५६ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातली पोत्सोलाने रोस्से नावाची लालसर राख. डबर मात्र जागेप्रमाणे बदलायचं. खाली पायात जड दगड, वर छतात हलका. पँथिऑनचा ४३ मीटरचा घुमट याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, तिथे वर जावं तसा दगड हलका होत जातो.

अडचण

मध्य इटलीतले सगळे ज्वालामुखी एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. उत्तरेला व्हुल्सिनी, व्हिको, साबातिनी, मग रोमच्या अंगणात कोल्ली अल्बानी, आणि खाली दोनशेएक किलोमीटरवर नेपल्सपाशी काम्पी फ्लेग्रेई आणि व्हेसुव्हियस. सगळ्यांचा लाव्हा पोटॅशियमने गच्च. हातात घेतलं तर काळा स्कोरिया (ज्वालामुखीतला भोकाभोकांचा हलका दगड) तो काळा स्कोरियाच, ह्याचा आणि त्याचा फरक डोळ्याने सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

माझी वेगळीच पंचाईत होती. मी डेक्कन ट्रॅपवर वाढलेला माणूस. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, त्याच्या पोकळ्यांतले वाघोलीचे झिओलाइट (अंगात पाणी धरणारी खनिजं), हे सगळं पाठ. पण ल्युसाइट नावाचं खनिज मी फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिलेलं, कारण आपल्या बेसॉल्टमध्ये ते नसतं, आणि इटलीत तर गल्लीबोळात पडलेलं असतं.

वर घाई होती. ठेकेदाराला पंधरा दिवसांत उत्तर हवं होतं आणि थिन सेक्शन करून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये तीन आठवड्यांची रांग होती.

पर्याय काय होते

एक म्हणजे थिन सेक्शनची वाट बघायची. दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती मायक्रोस्कोपखाली बघितली की खनिजं दिसतात आणि निम्मे डोंगर तिथेच बाद होतात. दुसरा, लगेच दळून एक्सआरएफला, म्हणजे एक्स-रे टाकून घटक मोजणाऱ्या मशीनला, लावायचं, दोन दिवसांत सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियमचे आकडे हातात. तिसरा, दगडाचे कण मालापासून सोडवून, साफ करून, मग ट्रेस एलिमेंट काढायचे, म्हणजे थोरियम, टँटलम, नायोबियम, झिर्कोनियम असली मंडळी जी दहा लाखांत काही भाग एवढीच असतात. हा सगळ्यात खात्रीचा रस्ता, आणि सगळ्यात वेळखाऊ, आणि त्याला सॅम्पलही जास्त खर्ची पडतं.

आणखी एक पर्याय होता जो त्या वेळी कोणी तोंडातून काढला नाही: ठेकेदाराला सांगायचं की बाबा, दुरुस्तीसाठी तुला दगडाचं गाव नाही, दगडाचं वजन आणि पाणी शोषायची क्षमता लागते, ती आम्ही आत्ता मोजून देतो आणि गाव सावकाश सांगतो. आज मला वाटतं की मूळ प्रश्न तिथेच चुकीचा मांडला गेला होता. पण प्रश्न आला की उत्तर शोधत सुटायचं ही विद्यार्थ्याची खोड.

काय केलं, आणि पहिला घोळ

मी दुसरा पर्याय घेतला. ढेकळातला जास्तीत जास्त काळा भाग हातोडीने फोडला, वरवर दिसणारा पांढरा चुना खरवडला, साधारण १२० ग्रॅम दळले आणि एक्सआरएफला दिले. आकडे आले: सिलिका कमी, कॅल्शियम भरपूर. कोल्ली अल्बानीचा लाव्हा नेमका तसाच असतो, सिलिका ४५ टक्क्यांच्याही खाली जाते आणि कॅल्शियम चढं, कारण तिथला मॅग्मा वर येताना वाटेतले चुनखडक पचवून येतो. ग्राफवर बिंदू बरोब्बर त्याच घरात जाऊन बसला. मी ड्राफ्ट रिपोर्ट लिहिला, "स्थानिक, कोल्ली अल्बानी", आणि माझ्या गाइड बाईंना दाखवायच्या आधीच ठेकेदाराच्या इंजिनिअरला मेल केला, कारण तो रोज विचारत होता.

लॅबमध्ये आपल्याकडची एक पोस्टडॉक होती, कोल्हापूरची. मी तिला ताई म्हणायचो. तिने चहा पिता पिता आकड्यांचा कागद बघितला आणि शेवटच्या ओळीवर, सॅम्पल तापवल्यावर वजन किती घटलं त्या आकड्यावर, बोट ठेवलं.

"ही घट किती आलीय रे?"

"पंधराच्या आसपास."

"आणि तू ती काढून टाकून बाकीच्या आकड्यांची बेरीज शंभर टक्क्यांवर आणलीस?"

"हो ताई, सगळे तसंच करतात ना."

"ताज्या स्कोरियाला तापवून पंधरा टक्के वजन कशाला कमी होईल? त्यात चुना आहे, बाळा. तू दगड नाही, माल दळलायस."

मी मायक्रोस्कोपखाली उरलेला तुकडा धरला तेव्हा समजलं. स्कोरियाची भोकं म्हणजे स्पंजसारखी, आणि रोमन गवंड्याने ओला माल लावला तेव्हा चुन्याचं पाणी तीन-चार मिलिमीटर आत उतरून भोकांच्या भिंतींवर पांढरी साय धरून बसलेलं. बाहेरून खरवडून काय होणार. तापवल्यावर त्या चुन्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला, झिओलाइटमधलं पाणी उडून गेलं, आणि मागे राहिलेल्या कॅल्शियमने सगळे आकडे आपल्याकडे ओढले.

यातली खरी मेख अशी की चुना मिसळला की कुठलाही दगड ग्राफवर कोल्ली अल्बानीकडेच सरकतो. सिलिकाचा टक्का पडतो, कॅल्शियमचा चढतो. व्हेसुव्हियसचा दगड घ्या, व्हिकोचा घ्या, पुरेसा चुना घाला, अल्बानी तयार. आणि रोममध्ये तेच उत्तर सगळ्यांना अपेक्षित असतं म्हणून कोणी प्रश्न विचारत नाही.

पोटॅशियम-सोडियमवर तर अजिबातच भरवसा ठेवता येत नाही हे त्याच दिवशी कळलं. ओलाव्यात राहिलेल्या ल्युसाइटचं हळूहळू ॲनालसाइम नावाचं दुसरं खनिज होतं, त्यात पोटॅशियम निघून जातं आणि सोडियम येऊन बसतं. दोन हजार वर्षं चुन्याच्या मालात राहिलेल्या दगडाचे असले आकडे म्हणजे भाडेकरूंची यादी बघून घरमालक ओळखण्यासारखं.

रिपोर्ट मागे घेणारा मेल मी लिहिला. चार ओळींचा मेल, त्याला दोन तास लागले.

थिन सेक्शन

तीन आठवड्यांनी काचपट्ट्या आल्या. आधी साध्या प्रकाशात बघितलं, तपकिरी-काळं मॅट्रिक्स, गोल भोकं. मग पोलरायझर आडवा लावला आणि ल्युसाइट दिसलं, जवळजवळ काळोखात बुडालेले अष्टकोनी-गोलसर दाणे, नीट बघितलं तर आत करड्या रेघांची बारीक चौकडी, लुंगीच्या कापडासारखी. मला इतका आनंद झाला की मी ताईला हाक मारली. ती आली, तिने स्टेज थोडी फिरवली आणि दुसरंच काहीतरी दाखवलं. ल्युसाइटच्या शेजारी लांबट, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे दाणे. प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज. हे मात्र मला झोपेतही ओळखता येतं, डेक्कन बेसॉल्ट त्यानेच भरलेला असतो.

आणि कोल्ली अल्बानीच्या दगडात प्लॅजिओक्लेज सहसा नसतंच. मॅग्मात सिलिका इतकी कमी की ते बनतच नाही. म्हणजे एक डोंगर बाद झाला, तोसुद्धा पंधरा मिनिटांत आणि एक ग्रॅमही न दळता. काम्पी फ्लेग्रेईसुद्धा मागे पडलं, कारण तिथल्या दगडात सॅनिडिन या वेगळ्या खनिजाचं राज्य असतं आणि ल्युसाइट क्वचित. उरले व्हेसुव्हियस आणि उत्तरेकडची मंडळी, व्हिको-व्हुल्सिनी वगैरे, जिथे ल्युसाइट आणि प्लॅजिओक्लेज दोन्ही एकत्र सापडू शकतात. त्यांचा निकाल फक्त ट्रेस एलिमेंटनी लागणार होता.

दुसरा घोळ

आता मी शहाणा झालो होतो असं मला वाटत होतं. स्कोरिया भरडला, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बसून चिमट्याने एकेक कण निवडला, पांढरं दिसलं की बाजूला. ॲसिडने धुवायचा मोह झाला पण ॲसिड ल्युसाइट आणि झिओलाइटलाही खातं, म्हणून नाही धुतलं. चार दिवस मान मोडून ३० ग्रॅम स्वच्छ कण निघाले. ते मिलमध्ये दळून, विरघळवून, आयसीपी-एमएसला, म्हणजे ट्रेस एलिमेंट मोजणाऱ्या मशीनला, लावले.

बघायचं होतं थोरियम आणि टँटलमचं गुणोत्तर, आणि नायोबियम आणि झिर्कोनियमचं. ही एलिमेंट पाण्यात सहजी विरघळून जात नाहीत, दगड सडला तरी जागा सोडत नाहीत. लॅझिओतल्या, म्हणजे रोमकडच्या ज्वालामुखींमध्ये थोरियमच्या मानाने टँटलम फार कमी, त्यामुळे गुणोत्तर उंच. नेपल्सकडे टँटलम-नायोबियम त्या मानाने जास्त, गुणोत्तर खाली. आमचं गुणोत्तर खाली आलं, अगदी चांगलंच खाली. व्हेसुव्हियस! मी रात्री साडेअकराला बाईंना मेल टाकला.

बाईंचं सकाळी एका ओळीत उत्तर: कोबाल्ट आणि टंगस्टनचे कॉलम पाठव.

ते दोन्ही आकडे आभाळाला भिडलेले होते. मी बघितलेच नव्हते, कारण माझ्या ग्राफमध्ये त्यांचं काम नव्हतं. मी कण टंगस्टन कार्बाइडच्या मिलमध्ये दळले होते, कारण ती पटकन दळते आणि त्या दिवशी अकीकच्या मिलचं बुकिंग मिळालं नाही. टंगस्टन कार्बाइडची मिल झिजते, आणि झिजताना टंगस्टन, कोबाल्ट आणि त्यांच्याबरोबर टँटलमही पिठात सोडते. दगडात मुळात टँटलम असतं दहा लाखांत दोन-तीन भाग, त्यात मिलने एखादा भाग घातला तरी गुणोत्तर कोसळलं. म्हणजे लॅझिओचा दगड असता तरी त्या मिलमधून तो नेपल्सच्या दिशेनेच ढकलला गेला असता.

पहिल्या घोळाने मला रोमकडे नेलं, दुसऱ्याने नेपल्सकडे. दोन्ही वेळा ग्राफ सुंदर दिसत होता.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की ओळखीच्या डोंगरातला एखादा दगड त्याच मिलमधून काढला होतास का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचा निर्णय

आता टेबलावर स्कोरिया उरला होता जेमतेम २० ग्रॅम. तीन रस्ते होते. नवीन सॅम्पल मागायचं, म्हणजे पुरातत्त्व खात्याची पुन्हा परवानगी, म्हणजे काही महिने. उरलेलं सगळं अकीकमध्ये दळायचं, म्हणजे उत्तर मिळेल पण पुढे कोणाला पडताळायचं असेल तर हातात काही नाही. किंवा लेझर: दगडाची जाडसर चकती करून, लेझरने केसाच्या जाडीएवढे खड्डे मारत थेट तिथल्या काचेचं विश्लेषण. दळणं नाही, मिल नाही, चुना दिसला की खड्डा बाजूला मारता येतो. तोटा असा की स्कोरियात स्वच्छ काच थोडी असते, बाकी सगळं बारीक स्फटिकांचं पीठ, आणि एका खड्ड्याचा आकडा पूर्ण दगडाचा असेलच असं नाही.

मी अकीकच्या बाजूने होतो, आकडे सरळ मिळतात म्हणून. ताई म्हणाली, "तुझ्या घाईने दोन वेळा दगड खाल्ला, आता जरा त्याला राहू दे." बाईंनी लेझर ठरवला आणि एक अट घातली: त्याच दिवशी, त्याच मशीनवर, लॅबच्या संग्रहातला एक पक्का व्हेसुव्हियसचा आणि एक पक्का कोल्ली अल्बानीचा स्कोरिया शेजारी लावायचा. आमचे खड्डे ४० मारले, त्यातले ९ चुन्यात किंवा खनिजाच्या दाण्यात घुसले म्हणून सोडून दिले.

निकाल

टँटलमचा आकडा मिलवाल्या आकड्यापेक्षा स्पष्ट खाली आला, म्हणजे गुणोत्तर वर चढलं, पण लॅझिओपर्यंत पोचलं नाही. शेजारी लावलेल्या व्हेसुव्हियसच्या दगडाच्या घोळक्यातच बसलं, अल्बानीचा दगड लांब वेगळा पडला. नायोबियम-झिर्कोनियमही तेच बोललं. त्याला थिन सेक्शनमधलं ल्युसाइट-प्लॅजिओक्लेज जोडलं की उत्तर सोम्मा-व्हेसुव्हियस (व्हेसुव्हियसच्या डोंगराचंच पूर्ण नाव). मालातली राख मात्र, वेगळी तपासली तेव्हा, आपल्या कोल्ली अल्बानीची लालसर पोत्सोलाना निघाली. म्हणजे एकाच मुठीएवढ्या ढेकळात राख घराजवळची आणि दगड दोनशे किलोमीटरवरचा.

हे जगावेगळं नाही. रोमच्या काही मोठ्या छतांमध्ये व्हेसुव्हियसचा स्कोरिया असल्याचं आधीच दाखवलेलं आहे. राख तर त्याहून लांब गेलीय, हेरोदच्या कैसरियाच्या बंदरात, म्हणजे आजच्या इस्रायलमध्ये, आणि तुर्कस्तानात सोली-पोम्पेइओपोलिसच्या बंदरात नेपल्सच्या आखाताकडची राख सापडली आहे. नेपल्सपाशीच पुत्योली हे बंदर होतं, अलेक्झांड्रियाहून धान्याची जहाजं तिथे यायची, पुढे रोमकडे माल जायचा. गाडीरस्त्याने दोनशे किलोमीटर दगड वाहणं वेडेपणा, पण समुद्राने भोकाभोकांचा हलका दगड आणणं हिशोबात बसतं, आणि छताचं वजन कमी झालं की खालच्या भिंतीही कमी जाड लागतात. ठेकेदाराच्या इंजिनिअरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे तेव्हाही स्पेसिफिकेशन होतं तर.

कुठल्या उद्रेकातला, हे रिपोर्टमध्ये लिहिलं नाही. व्हेसुव्हियसने इसवी सन ७९ च्या आधीही कितीतरी वेळा काळा स्कोरिया ओकलाय. मला लिहायची फार हौस होती, कारण "७९ च्या राखेखालून काढलेला दगड" हे वाक्य ऐकायला झकास. बाईंनी ते खोडलं.

दुरुस्तीचं म्हणाल तर, ठेकेदाराने माझ्या पहिल्या मेलवर भरोसा ठेवून कोल्ली अल्बानीच्या स्कोरियाचे दोन नमुना-पॅनल आधीच टाकले होते. ते फेकावे लागले नाहीत. घनता जुळली, पाणी शोषण थोडं जास्त होतं, ते चाळणी बदलून सांभाळलं. म्हणजे ज्या प्रश्नासाठी ही सगळी धावपळ झाली त्याचं उत्तर दुरुस्तीला लागलंच नाही. इतिहासाच्या फाइलला लागलं.

आज केलं असतं तर

आधी चकती, मग दळण. रांग तीन आठवड्यांची असली तरी रांगेत नंबर पहिल्या दिवशी लावायचा, मी तो चौथ्या दिवशी लावला होता.

पहिल्याच एक्सआरएफला शंभरावर आणायच्या आधी घट बघायला हवी होती, आणि घट दोन-तीन टक्क्यांच्या वर दिसली की तिथेच थांबायला हवं होतं. मिलचं नाव सॅम्पलच्या नंबराशेजारी लिहायची आता मला सवय आहे, लोक हसतात. ओळखीचे दगड शेवटी नाही, पहिल्या फेरीत सोबत लावायचे, मग मिल खोटं बोलते का तेही कळतं. आणि ड्राफ्ट कोणालाही मेल करायचा नाही, रोज फोन आला तरी, फार तर "वजन आणि पाणी शोषण सांगतो, गाव नंतर" एवढंच.

एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे आजही दोन बाजूंनी येतं. लेझरऐवजी अकीकमध्ये दळलं असतं तर पूर्ण दगडाचा आकडा मिळाला असता आणि काही लोकांना तो जास्त पटला असता. ताईचं म्हणणं वेगळं, आणि आता मी बहुतेक वेळा तिच्या बाजूला असतो.

उरलेला तुकडा लॅबच्या कपाटात प्लॅस्टिकच्या डबीत आहे. डबीवर माझ्या अक्षरात तीन ओळी आहेत: कुठून आला, कशात दळला, किती उरला. तिसऱ्या ओळीत लिहिलंय, ११ ग्रॅम.